मातीला लायक

गौरव्वाला मरणाची भीती नव्हती, भीती होती ती तालुक्याच्या भट्टीची.

शिरगुंडीच्या रुद्रभूमीत नवऱ्याच्या समाधीला लागून एक तुकडा तिनं स्वतःसाठी बघून ठेवला होता. तिथलं काटेरी गवत ती खुरप्यानं काढायची, दगड वेचून कुंपणाकडं फेकायची आणि घरी येऊन पाय धुता धुता लेकीला सांगायची, "माझी खोली झाडून आले बघ."

शिवलीला भाकरी थापता थापता विचारायची, "भाडं किती ठरलं?"

"फुकट हाय. शेजारी तेवढा घोरणारा हाय."

त्यांच्या लिंगायत घरात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि विभूती, बेलाची पानं, मीठ घालून बसल्या जागी मातीनं झाकतात. आडवं निजवायचं नाही. जन्मभर कुणाकुणापुढं वाकलेलं माणूस निदान जाताना तरी ताठ बसून जावं, असा त्यातला मान. गौरव्वा तर आयुष्यभर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर ताठ बसलेली बाई. आडवी ती फक्त आजारपणात झाली होती, आणि तेही कुरकुरत.

ते आजारपण म्हणजे यकृतातली गाठ. आता त्याला बरीच वर्षं झाली. शिवलीला तेव्हा नुकतीच नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा नुकता मांडलेला. धाकटा भाऊ शांतवीर पुण्याला बॅटरीच्या कारखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ कापण्याजोगी नाही, पण जंतूचं बी देऊन बघू.

कॅन्सरच्या गाठीची एक खोड असते. ती इतक्या अधाशीपणानं वाढते की तिच्या स्वतःच्याच पोटात रक्त पोचत नाही. बाहेरून टरारलेली, आतून गुदमरलेली. औषध रक्तातून जातं, म्हणून ते आतल्या भागात पोचत नाही. किरणांनाही काम करायला प्राणवायू लागतो, म्हणून तेही तिथं लंगडे पडतात. गाठ मरते ती कडेकडेनं, आणि मधून पुन्हा उगवते.

आता दुसरीकडं बघा. प्रयोगशाळेत जंतूंना जांभळा रंग देऊन धुतात, तेव्हा काही जंतू तो रंग सोडतच नाहीत. त्यातल्या काठीसारख्या आकाराच्या जंतूंचं, म्हणजे दंडाणूंचं, घराणं मोठं, आणि नाव घ्यावं असं त्यात फार थोडं. लहान मुलांचे गळे घोटणारा घटसर्प यांचाच, मेंढ्यांच्या लोकरीतून माणसाला होणारी काळपुळी यांचीच, गंजक्या खिळ्यातून येणारा धनुर्वात यांचाच. या घराण्यातली एक शाखा तर अशी, की तिला प्राणवायूच विष. उघड्या हवेत तिचा निभाव लागत नाही. मग दिवस वाईट आले की त्या शाखेतला जंतू स्वतःभोवती कवच बांधतो आणि बी होऊन मातीत पडून राहतो. ऊन, थंडी, मीठ, उकळतं पाणी, कशाचं काही वाटत नाही त्याला. अंधाऱ्या, गुदमरलेल्या जागेत पडला की कवच टाकतो आणि जेवायला बसतो. लढायांमध्ये जखमी शिपायांचे पाय सडवणारा वायुकोथ यातल्याच एकाचा.

शास्त्रज्ञांनी त्या एकालाच धरलं. त्याचा विष बनवणारा जनुक काढून टाकला आणि त्याची बीजं सुईनं रुग्णाच्या रक्तात सोडली. निरोगी अंगात सगळीकडं प्राणवायू, तिथं बी निजून राहतं. जागं होतं ते फक्त गाठीच्या गुदमरलेल्या पोटात. तिथं जागं होतं आणि गाठ आतून खाऊन टाकतं. आतून पोखरावं म्हणून कुणी मुद्दाम घुशी सोडाव्यात, तसं.

गौरव्वाला चार दिवस सणकून ताप आला, आणि गाठ गेली. शिवलीलानं गल्लीला गव्हाच्या हुग्गीचं गोड जेवण घातलं. "बी घेतलेली" म्हणून गौरव्वाला गावात मान मिळाला. लोक सुनांना तिच्या पाया पडायला पाठवायचे.

मग काही वर्षांनी कुठल्या तरी जिल्ह्यात दफनभूमीच्या उतारावर चरणाऱ्या म्हशी मेल्या. मांड्या सुजून, तासाभरात. तपासात निघालं की पुरलेल्या देहांतून बी मातीत उतरलं होतं आणि तिथं त्याला त्याचे रानटी भाऊबंद भेटले होते. जंतूंनाही विषाणू होतात. अशाच एका विषाणूनं रानटी जंतूचा विषाचा जनुक उचलला आणि पाळीव जंतूला नेऊन दिला. माणसानं एवढ्या कष्टानं काढलेला दात मातीनं त्याला परत बसवून दिला.

तेव्हा कायदा आला. बी घेतलेला देह मातीत घालायचा नाही. तालुक्याच्या बंद भट्टीतच द्यायचा.

ज्यांच्यात जाळतात, त्यांना यात काही वाटलं नाही. ज्यांच्यात पुरतात, त्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. म्हशींच्या मढ्यांचे फोटो टीव्हीवर आल्यावर मोर्चेही बसले.

"मातीतनंच काढलेला न्हवं तो जंतू?" गौरव्वा म्हणाली. "मग मातीला परत द्यायला बंदी कशी काय? दुकानदार पण माल परत घेतोय."

*

चन्नबसय्या स्वामी हे गावचे जंगम. बारसं, लग्न, माती, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. पोट पुढं, आवाज कायम कानात सांगितल्यासारखा. शिवलीलाच्या ओट्यावर चहाची बशी टेकवत ते म्हणाले, "लीला, अव्वाची काळजी करू नको. वेळ येईल तेव्हा आपण आपलं नेहमीसारखं बसवायचं."

"आणि कायदा, अय्या?"

"कायदा कचेरीत. शंकरेप्पाला कुठं बसवला? तेल्याच्या महादेवीला? बी घेतलेलीच माणसं ती. दवाखान्यात मरू द्यायचं न्हाई, घरी आणायचं, झटक्यात उरकायचं."

"आणि जंतू?"

"एका पोत्याच्या जागी चार पोती मीठ. विभूती दुप्पट." स्वामी जवळ सरकले. "अगं, तूच सांग. लोणच्यात मीठ नीट पडलं तर बुरशी धरती का? मिठात काही जगतंय का?"

लोणचं, पापड, चटणी करणाऱ्या बाईला मिठावर विश्वास ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. शिवलीलाच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. ती "बरं" म्हणणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अय्या, मी अजून जिवंत हाय हं. कान पण चालतात."

गौरव्वा भिंतीला धरून बाहेर आली. साखरेच्या आजारानं तिच्या डाव्या पायाची बोटं सुन्न झाली होती, चालताना पाऊल फरफटायचं.

"तसं नको मला. रुद्रभूमीच्या खाली मुल्लाच्या शेरड्या चरतात. एखादी मेली तर तळतळाट कुणाला लागणार?"

"काही होत न्हाई, गौरव्वा. मीठ..."

"सगळा जन्म काट्यावर बसले, एकदा काटा मारला न्हाई मी. आता ह्यांच्या शेजारी जाऊन बसायचं, ते काय चोरासारखं तोंड लपवून?" ती लेकीकडं वळली. "सोलापूरला औषध निघालंय म्हणं, बी काढायचं. मला ते आण. मला मातीला लायक कर, लीला. मग बसवा."

स्वामींनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "तुमची मर्जी," ते म्हणाले. पण खुशीत नव्हते.

*

औषधाला लोक जागवणी म्हणत. सोलापूरच्या दवाखान्यात डॉ. येमूल यांनी ते गौरव्वाला समजावून सांगितलं. जरा मोठ्या आवाजात, म्हातारीला नीट ऐकू येत असलं तरी.

"आजी, कवचातलं बी मारता येत नाही. आधी त्याला उठवावं लागतं."

"उठवायचं कसं?"

"त्याला वाटलं पाहिजे की चांगले दिवस आले. तसं एक औषध रक्तातून देतो. तुमच्या यकृतात, पाणथरीत जिथं जिथं बीजं निजलीत, ती एकदम जागी होतात, कवच टाकतात. उघडी पडली की निम्मी रक्तातल्या प्राणवायूनंच मरतात. उरलेली आम्ही मारतो."

"मग घोडं कुठं अडलंय?"

डॉक्टरांनी तिच्या पावलाकडं बोट केलं. "इथं. या बोटांत रक्त पोचत नाही. बी तिथंही असणार. ते जागं झालं आणि आमचं औषध तिथवर पोचलं नाही, तर त्याचे चांगले दिवस खरंच येतील. आणि विषाचा जनुक काढलेला असला, तरी सडवायला त्याला तेवढ्याची गरज नसते."

मग ते शिवलीलाकडं वळले. "ताई, बी निजलंय. निजू द्या. मेल्यानंतरच्या सोयीसाठी जिवंत माणसाला धोक्यात घालणं आमच्या शास्त्रात बसत नाही."

"तुमच्या शास्त्रात नसंल बसत," गौरव्वा म्हणाली, "आमच्यात तर शेवटी बसायचंच असतंय."

डॉक्टर हसले, आणि तिथंच हरले.

शिवलीला व्हरांड्यात गेली आणि तिनं शांतवीरला फोन लावला.

"अक्का, डोकं फिरलंय का तुमचं दोघींचं?" तो पलीकडून ओरडला. "अय्या म्हणतात तसं करून टाकायचं की. अव्वा काय मेल्यावर बघायला येणार आहे?"

"ती नको म्हणती."

"मग हो म्हण आणि डॉक्टरला सांग, नुसतं सलाईन लावा. अव्वाला सांगायचं झालीस साफ. खूश होईल ती. नंतरचं मी आणि अय्या बघतो."

तो चुकीचं काही सांगत नव्हता. शिवलीला डॉक्टरांच्या दारापर्यंत गेली. शब्दसुद्धा जुळवले तिनं: साहेब, म्हाताऱ्या माणसाची समजूत घालायची आहे. दार अर्धं उघडं होतं आणि शेजारच्या खोलीतून गौरव्वाचा आवाज येत होता. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, "लेक म्हणजे सोनं हो माझी. पोरगा गोड बोलतोय, पण त्याचं निम्मं धरायचं. हिचं तसं न्हाई. हिनं सांगितलं झालं, म्हणजे झालं."

शिवलीला दारातून परत फिरली. पुढं कितीतरी वेळा तिला वाटलं, आईच्या खोलीचं दार तेव्हा लागलेलं असतं तर बरं झालं असतं.

*

जागवणीचे पहिले दिवस बरे गेले. थंडी वाजली, ताप चढला, उतरला. गौरव्वा नर्सला शेंगाचटणीची कृती सांगत होती. लसूण सालीसकट घालायचा, कुटायचं उखळात, मिक्सरला हात लावायचा नाही.

मग एका सकाळी तिचं पाऊल काळपट तांबूस झालं. शिवलीला तेल लावायला बसली आणि तिनं बोटांनी जरासं दाबलं, तर कातडीखालून आवाज आला. चुरचुर, कुरकुर. तिला तो आवाज ओळखीचा होता. रोज सकाळी ती कडक भाकऱ्या मोडून बघायची, नीट वाळल्यात का, अगदी तसाच. कातडीखाली वायू धरला होता. जंतू जेवायला बसले होते.

तासाभरात गौरव्वाला आत नेलं. पाऊल घोट्याच्या वरून काढावं लागलं.

शांतवीर पुण्याहून आला आणि दवाखान्याच्या जिन्यातच बहिणीवर घसरला. "एक सलाईन, अक्का. एक पाण्याची बाटली. तेवढं नाही जमलं तुला?"

"न्हाई जमलं."

"आता तिचा पाय गेला."

"दिसतंय मला."

"तुला सत्यवादी बनायचं होतं आणि पाय अव्वाचा गेला."

शिवलीला पायरीवर बसली. त्यानं नाक पुसलं, खाली जाऊन दोघांना चहा आणला आणि तिचा कप तिच्या शेजारी पायरीवर ठेवला. हातात दिला नाही.

शुद्धीवर आल्यावर गौरव्वानं चादर उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "लीला, मांडी घालायला पाऊल लागतंय का गं?"

"न्हाई, अव्वा. गुडघे लागतात."

"मग झालं तर."

थोड्या दिवसांनी डॉ. येमूल यांनी स्वतः येऊन सांगितलं की रक्तात, यकृतात, पाणथरीत, कुठंही बी सापडत नाही. शिरगुंडीच्या आसपास जागवणी पुरी करून साफ झालेली ही पहिलीच बाई. गौरव्वानं तो दाखला फ्रेम करून देवघराशेजारी लावायला लावला आणि आल्यागेल्याला दाखवला. स्वामींनाही दाखवला. त्यांनी लांबूनच पाहिला. चष्मा आणला नाही म्हणाले.

*

ते वर्ष गौरव्वाचं फार सुखाचं गेलं. चाकाच्या खुर्चीतून ती रुद्रभूमीत जायची आणि शिवलीलाकडून आपल्या जागेवरचं गवत काढून घ्यायची. "तिकडं राहिलं बघ. खोली माझी हाय, तुला काय त्याचं," म्हणून वर बोलणी. नातेवाइकांत कुणी मेलं की न चुकता विचारायची, "बसवलं का जाळलं?" आणि उत्तर काहीही आलं तरी समाधानानं मान हलवायची.

एके दिवशी न्याहारी झाल्यावर ती अंगणात उन्हाला बसली होती. शिवलीला आत शेंगदाणे भाजत होती. बाहेरून "जळायला लागल्यात गं" असं ऐकू आलं, शिवलीलानं कढई उतरवली, बाहेर येऊन म्हणाली, "एवढ्या लांबून कसा गं वास येतो तुला?" उत्तर आलं नाही. गौरव्वा बसल्या जागी गेली होती.

शिवलीला रडली, मग डोळे पुसून कामाला लागली. अंग ताठायच्या आत मांडी घालावी लागते. शेजारणींच्या मदतीनं तिनं आईला आंघोळ घातली, हिरवं इरकल नेसवलं, भिंतीला टेकवून पाटावर बसवलं. आखूड पाय खाली, धडका वर, पदर असा काढला की काही कमी आहे हे कळूसुद्धा नये. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. डाव्या हातावर इष्टलिंग. आणि कायद्याप्रमाणं तालुक्याच्या माती तपासणी कचेरीला स्वतः फोन करून कळवलं. दाखला होता. लपवायचं काहीच नव्हतं.

फोन केल्याचं तिनं स्वामींना सांगितलं, तेव्हा ते खड्ड्याचं माप देत होते. त्यांच्या हातातली दोरी सुटली.

"कचेरीला कशाला?"

"साफ केलेला देह तपासून घ्यायचा असतो, अय्या. थेंबभर रक्त घेतात म्हणं. आपल्याला काय भीती?"

स्वामी खाली वाकले. दोरी गोळा करत राहिले.

दुपारी शांतवीर पोचला, गाव जमलं, आणि आईला खुर्चीवर बसवून, फुलांनी सजवून, वाजतगाजत रुद्रभूमीत आणलं. तिथं कचेरीची गाडी उभी होती. समीना बागवान नावाची तिशीची बाई उतरली. डोक्यावरून ओढणी, हातात फावड्याच्या दांड्याएवढं यंत्र. गावात त्या यंत्राला नाकाडं म्हणत. बी जागं करायचं औषध त्याच्या टोकाला असतं. मातीत असो की रक्तात, एखादं जरी बी त्याला लागलं तरी ते कवच टाकतं, आणि मग यंत्र त्याच्या जनुकांत कारखान्यानं घातलेली खूण वाचतं. रानटी जंतूला ते ओळख देत नाही. ओळखतं ते फक्त माणसानं बनवलेलं बी.

समीनानं गौरव्वाच्या बोटाला टोक लावलं. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि त्यावर हिरवा दिवा लागला.

"साफ," ती म्हणाली. "एकदम साफ. मी पहिल्यांदाच बघतेय असा." तिनं ओढणी सारखी केली आणि गौरव्वापुढं हात जोडले.

लोकांनी श्वास सोडला. शांतवीरनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, पायऱ्यांवरच्या त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. शिवलीलाला वाटलं, आईला हलवून सांगावं. पहिल्या नंबरानं पास झालीस, अव्वा.

आणि समीना खड्ड्यात उतरायला लागली.

"आता काय राहिलं?" शांतवीरनं विचारलं.

"माती. साफ देह साफ मातीतच घालायचा. पुढं कधी तिथं बी सापडलं तर आळ यांच्यावर नको यायला."

शिवलीलानं स्वामींकडं पाहिलं. स्वामी शंकरेप्पाच्या समाधीकडं पाहत होते. चढावर होती ती, खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर. तिच्या पलीकडं तेल्याची महादेवी. पलीकडं आणखी कोण कोण. सगळ्यांवरून वाहिलेलं पाणी खाली यायचं ते इथं, गौरव्वानं स्वतः गवत काढून साफ ठेवलेल्या तुकड्यावर.

ती खड्ड्याच्या काठाशी धावली आणि तिनं समीनाचा दंड धरला. "ताई, राहू द्या. ऐका माझं. देह साफ हाय न्हवं? तेवढं लिहा आणि जावा. मी हात जोडते."

"ताई..."

"एक पाऊल दिलंय तिनं ह्या मातीसाठी. एक पाऊल."

समीनानं तिचा हात सोडवला नाही. हळू आवाजात म्हणाली, "माझ्या अब्बूंनी बी घेतलं होतं. आमच्या कब्रस्तानात जागा होती, लोक पण म्हणत होते, चुपचाप करू, कुणाला कळतंय. मी या खात्यात, मी कसं करू? भट्टीत दिलं मी त्यांना. अम्मी अजून माझ्याशी बोलत नाही." तिनं नाकाडं हातात सावरलं. "आज तुमचं सोडलं, तर मी त्यांना उगाच जाळलं."

तिनं टोक मातीत खुपसलं.

यंत्राला घुमायलासुद्धा वेळ लागला नाही. लाल दिवा लागला, पुन्हा लागला, लागतच राहिला. यंत्रावर वेगवेगळ्या वर्षांच्या बियांच्या खुणा, वेगवेगळ्या माणसांतून उतरलेल्या. समीनानं मूठभर माती हातावर घेऊन चोळली, पांढरे खडे दिसले.

"मीठ घातलंय इथं?"

"वरून वाहून आलं असंल," कुणीतरी पुटपुटलं.

"मिठानं मातीतले बाकीचे जंतू मेले," ती थकल्यासारखी म्हणाली. "याला रान मोकळं झालं."

मग तिनं सांगायचं ते सांगितलं. रुद्रभूमी आजपासून बंद. वर सिमेंटचा थर येईल. आता इथं कुणालाच बसवता येणार नाही, बी घेतलेल्याला नाही, न घेतलेल्यालाही नाही. कुणाच्या आजोबांच्या शेजारी कुणाला जागा उरली नाही.

गाव शिवलीलावर तुटून पडलं.

"कुणी सांगितलं होतं फोन करायला?"

"इतकी वर्षं काही झालं न्हाई! आमची म्हातारी आता कुठं न्यायची?"

"स्वतः साफ व्हायचं आणि गावाला घाण ठरवायचं."

"माझ्या बापावर सिमेंट टाकणार हाईत, कळतंय का तुला?"

तिचा बापही तिथंच होता. ते कुणाला आठवलं नाही. शांतवीरनं शेजारच्या दोन गावांना फोन लावले. शिरगुंडीचा देह म्हटल्यावर दोन्हीकडं फोन ठेवला गेला. बातमी देहाआधी पोचली होती. स्वतःचं शेत नव्हतं, उरली ती भट्टीच.

स्वामींनी पिशवीतून विभूतीची पुडी काढून शिवलीलाच्या हातावर ठेवली.

"भट्टीला मला येता येत न्हाई, लीला. तुला ठाऊक हाय."

"शंकरेप्पाला बसवायला आलात की, अय्या."

"ते मातीत होतं गं," स्वामी म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

*

तालुक्याच्या भट्टीवर दोन माणसं आली: शिवलीला आणि शांतवीर. मागून कचेरीची गाडी आली, पण समीना आत आली नाही. दारापाशी थांबली.

भट्टीवरचा माणूस वयस्कर होता, सवयीनं बोलणारा. "बी घेतलेल्या का?"

"घेतलं होतं," शांतवीर म्हणाला. "काढलं. साफ आहे ती. हा दाखला."

भट्टीवरच्या माणसानं फ्रेम हातात घेतली, दिव्याखाली धरून वाचली, मग पुन्हा वाचली. "साफ आहेत, तर इथं कशाला आणलंत?"

शांतवीर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

माणसानं फ्रेम शिवलीलाकडं दिली. खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "असं बसलेलं आत जात नाही, ताई. भट्टीचं तोंड बुटकं आहे. आडवं करावं लागतं. अंग ताठलंय, जरा जोर लावावा लागेल. तुम्ही बाहेर थांबा, आम्ही करतो."

"हात लावू नका," शिवलीला म्हणाली.

तिनं आणि शांतवीरनं आईला खुर्चीतून उचलून भट्टीत ढकलायच्या पत्र्यावर ठेवलं. ठेवली तशी ती पाठीवर कलली आणि मांडी घातलेले पाय हवेत तसेच राहिले. पदर सरकला. शांतवीर "अक्का, मला बघवत न्हाई" म्हणून बाहेर गेला. दारातून समीना पुढं आली आणि दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसली.

"तुम्ही नको," शिवलीला म्हणाली. समीना उठली आणि जिथं होती तिथं जाऊन उभी राहिली.

शिवलीलानं पदर खोचला. सकाळी वळवलेला गुडघा दोन्ही तळव्यांत धरला. थंड होता, आणि लाकडासारखा.

"पाय सोड, अव्वा," ती म्हणाली.

तिनं हळूच दाबून पाहिलं. गुडघा हलला नाही.

"सोड गं. आता न्हाई बसायचं."

ती उठली, पत्र्यावर वाकली आणि तिनं अंगाचा सगळा भार त्या गुडघ्यावर टाकला.